शनिवारची चूक

मला सत्कार आवडत नाहीत. दुसऱ्यांचे आवडत नाहीत, आणि स्वतःचा तर मुळीच नाही. आमच्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात असं बोलणं म्हणजे भाकरीला नावं ठेवण्यासारखं आहे. इथं बैल शर्यतीत पहिला आला की सत्कार, पोरगं दहावीला काठावर पास झालं तरी सत्कार, सोसायटीच्या निवडणुकीत पडला तरी 'चांगली झुंज दिली' म्हणून सत्कार. शाल, नारळ, हार, फेटा आणि माईक. समोर सात माणसं असली तरी माईक हवाच, आणि तो शिट्टी मारणारच.

ऑटिझम हा शब्द मला फार उशिरा भेटला, केस पिकायला लागल्यावर. डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या आणि मी म्हणत होते, अहो, हे तर माझंच वर्णन चाललंय. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात म्हणे. कुणी ठेवलं हो हे नाव? मी तर जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांत मग्न! पण नव्वदच्या दशकात आमच्या सणसरला असला काही शब्द पोचलेला नव्हता. माझ्यासाठी गावाकडं आपले साधे शब्द होते. तिरसट, शिष्ट, घुमी. शिवाय चुलतीचं ठरलेलं वाक्य, 'उचलली जीभ लावली टाळ्याला.' घुमं माणूस जीभ उचलंल कशी, असं मी तिला एकदा विचारलं. तर तेही उलट बोलणंच ठरलं.

बारामतीला बी.एस्सी. केलं, तिथंच कॉम्प्युटर शिकले आणि मग घरी येऊन बसले. नोकरीच्या मुलाखतीला गेले की ती माणसं म्हणायची, डोळ्यांत बघून बोला. डोळ्यांत बघितलं की मला बोलता येत नाही, आणि बोलायला लागले की बघता येत नाही. काय ते एक ठरवा ना! आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. घरी काय कमी हाय का?" कमी काही नव्हतं. घराभोवती ऊस होता, आणि मला दिवसभर उसाकडं बघायचा कंटाळा यायचा.

तेवढ्यात कॉलेजात मला शिकवलेल्या सरांनी बारामतीत रविवारचा गट काढला. एका मासिकाबरोबर त्यांना सीडी मिळाली होती. तिच्यात नुसते प्रोग्रॅम नव्हते, ते प्रोग्रॅम ज्या ओळींनी बनलेत त्या ओळीसुद्धा होत्या. उघडा, वाचा, बदला, पुढं वाटा, कुणाची परवानगी नको. जगभरची माणसं एकमेकांचं तोंडही न बघता मिळून काम करतात, असं सर सांगत होते. तोंड न बघता! मी म्हटलं, हे तर माझ्यासाठीच काढलंय कुणीतरी.

आम्ही बनवत होतो शाळेच्या वेळापत्रकाचा प्रोग्रॅम. कुठल्या वर्गावर कुठले मास्तर, कुठला तास, हे हातानं बसवता बसवता हेडमास्तरांच्या तोंडाला फेस यायचा. आमचा प्रोग्रॅम ते पटकन बसवून द्यायचा, फुकट, आणि आतल्या ओळींसकट फ्लॉपीवर. गटात सर होते, टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवणारे भाई होते, सुप्याच्या शाळेतल्या एक बाई होत्या, आणखी दोघंतिघं. एका लहान शाळेच्या कमिटीच्या चेअरमननी आम्हाला त्यांची कॉम्प्युटरची खोली रविवारपुरती दिली होती.

पहिल्याच रविवारी मी सरांना सांगितलं, की तुमच्या प्रोग्रॅमनं गणिताचे मास्तर एकाच वेळी पाचवीत आणि सातवीत पाठवलेत. आता 'शिष्ट' म्हणणार, म्हणून मी तयारीत बसले. सर उठले, बघितलं, आणि म्हणाले, "अरे व्वा! आणखी काय काय सापडलं?" त्याच दिवशी त्यांनी गटाचा नियम करून टाकला. चूक सापडली की लगेच सांगायची, आणि ती कुणाची हे बघायचं नाही. मी त्या नियमावर जीव टाकला. बाहेर ज्या गोष्टीबद्दल बोलणी खायचे तीच गोष्ट इथं लोक मागून घेत होते.

अडचण फक्त सुरुवातीच्या चहाची. आमच्याकडं कामाला हात लावायच्या आधी पाऊसपाणी विचारायचं, ऊस तुटला का विचारायचं, पाहुणे कुठले, पोरीचं जमलं का, सगळं झालं की मग काम. नमनाला घडाभर तेल! त्यात मला काय बोलावं सुचायचं नाही, आणि चारजण एकदम बोलायला लागले की कुणाचंच ऐकू यायचं नाही. मग मी जिन्यात बसायचे. आतला आवाज उतरला की आत जायचे. गटातलं कुणी त्यावर कधी बोललं नाही. भाई माझा कप जिन्यात आणून ठेवायचे आणि न बोलता परत जायचे.

असं छान चाललं होतं, आणि मग सरांच्या मनात आलं, की या पोरीला आजवर कुणी शाबासकी दिलेली नाही. हेतू सोन्यासारखा. पण इथं शाबासकी म्हणजे काय, ते वर सांगितलंच. चेअरमनना तर कार्यक्रमच हवा होता, कारण सोमवारपासून आमचा प्रोग्रॅम आसपासच्या शाळांना वाटायचं ठरलं होतं. झालं! मला अचानक आनंद द्यायचा म्हणून सगळं गुपचूप ठरलं. आबांना आणि आईला जीप पाठवून आणलं. हलगीवाला बोलावला.

मी त्या रविवारी माझ्याच नादात एस.टी.तून उतरले. आदल्या दिवशी घरी बसून प्रोग्रॅमच्या छापील ओळी वाचताना मला मोठी चूक सापडली होती, ती कधी एकदा सांगते असं झालं होतं. शाळेच्या दारात पाय ठेवला आणि कानाशी हलगी कडाडली. कुणी अत्तर शिंपडलं, कुणी गळ्यात झेंडूचा हार घातला. दिसेल तो खांद्यावर थाप मारत होता. थाप! मला आईचा हातसुद्धा न सांगता लागला तर दचकायला होतं. मग फेटा. बांधणारा म्हणाला, "ताई, हालू नका, ढिला ऱ्हाईल." त्यानं असा आवळला की कपाळाखाली आपलं काही उरलंय का, याची मला शंका यायला लागली. आई समोर बसून डोळे पुसत होती, आनंदानं. म्हणून मी बसून राहिले. नाहीतर हलगी वाजली तेव्हाच पळाले असते.

चेअरमननी माझ्या हातात नारळ दिला आणि भाषण सुरू केलं. "या प्रोग्रॅममध्ये," ते म्हणाले, "शोधूनसुद्धा एक चूक सापडणार नाही!" टाळ्या. मग माईक माझ्या तोंडापुढं आला. मी म्हटलं, "चूक आहे. शनिवारची."

चेअरमन हसले. "बघा, पोरगी किती विनयशील आहे!"

"विनय नाही," मी म्हटलं. "चूक आहे. तुम्ही खोटं सांगताय."

मला म्हणायचं होतं, तुम्ही सांगताय ते बरोबर नाही. पण माईक शिट्टी मारत होता, फेटा कपाळात रुतत होता, आणि तोंडात आला तो शब्द बाहेर पडला. सगळे चिडीचूप झाले. हलगीवाल्याला वाटलं भाषण संपलं. त्यानं जोरात सुरू केलं! मग मात्र माझ्यानं बसवेना. फेटा काढला, नारळ चेअरमनच्या टेबलावर ठेवला आणि तडक एस.टी. स्टँड गाठलं. आमच्याकडं मान द्यायचा तरी नारळ आणि कामावरून काढायचं तरी नारळ, तो परत केला तर काय समजायचं ते लोक आपापलं समजतात.

आबा आईला घेऊन मागोमाग आले. सणसरला एस.टी.तून उतरल्यावर म्हणाले, "लय आवळला व्हता का?"

"व्हय."

"मग न्हाय घालायचा," आबा म्हणाले, आणि विषय संपला.

आबांचा संपला, गावाचा कुठला संपतोय? दोन दिवसांत मी चेअरमनच्या अंगावर नारळ फेकला होता. आणखी दोन दिवसांत तो त्यांना लागलासुद्धा होता. त्याचं मला हसूच आलं. पण बारामतीला जाणारा चुलतभाऊ निरोप घेऊन आला आणि हसू पळालं. पोरीनं येऊन माफी मागावी, नाहीतर गटाला खोली बंद, असं चेअरमन म्हणाले होते. चुलती म्हणाली, "बोलणाऱ्याची माती इकती म्हंत्यात, हिनं बोलून लोकांच्या अन्नात माती कालवली."

तो आठवडा फार वाईट गेला. जेवण जाईना. जगात एकच खोली होती जिथं माझी कुणाला अडचण होत नव्हती, आणि मी ती माझ्याबरोबर सगळ्यांचीच घालवली होती. खोटं म्हटल्याबद्दल माफी मागायला मी तयार होते. नारळाबद्दलही मागितली असती, हवं तर दोनदा. पण चूक नव्हती असं काही मी म्हणणार नव्हते. चूक होती.

रविवारी गेले. शाळेच्या दाराला कुलूप. जिन्यातही कुणी नाही. मला टाकून सगळे दुसरीकडं गेले, हे एवढं स्पष्ट दिसत होतं की मी परतीची एस.टी. धरायला वळले. तेवढ्यात समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवरून सर उठले. पँट झटकत म्हणाले, "चल. जागा बदलली. तुझ्या घरी फोन नाही, म्हणून इथं थांबलो."

मी त्यांच्यामागून चालताना माफीचं घोकून ठेवलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं. सर म्हणाले, "आधी काम बघू." आम्ही भाईंच्या दुकानात मागच्या बाजूनं शिरलो. पाठी उघडलेल्या टीव्हींच्या मधोमध एक कॉम्प्युटर मांडला होता आणि सगळे त्याच्याभोवती बसले होते. कुणी 'ये, ये' केलं नाही. सर म्हणाले, "हं, शनिवारचं सांग."

मी सांगितलं. शनिवारी सकाळची शाळा असते, हे प्रोग्रॅमला ठाऊक होतं. पण एखादे मास्तर रजेवर गेले, की तो विसरायचा आणि त्यांचे तास शनिवारी दुपारी ढकलायचा. सुप्याच्या बाई म्हणाल्या, "अगं बाई! म्हणजे शनिवारी दुपारी मी काय चिमण्यांना शिकवत बसणार होते?" सगळे हसले, मीही. मग आम्ही कामाला लागलो, आणि दुपारपर्यंत ती चूक गेली.

तरी खोलीचं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी भाईंना हळूच विचारलं, "माफी मागितली तर खोली परत मिळंल का?"

भाई हातातलं काम थांबवून माझ्याकडं बघायला लागले. "तुझ्यामुळं कुठं गेली खोली? तुला कुणी सांगितलं न्हाय व्हय? तू निघून गेलीस, आन सरांनी तितंच कॉम्प्युटर चालू केला. एक मास्तर रजेवर धाडला, शनिवार काढून बघितला, आन माईकवर जाऊन सांगितलं, पोरगी बरोबर हाय. चूक निघाल्याबिगर सोमवारी कुणाला फ्लॉपी मिळणार न्हाय. चेअरमन म्हनले, तिला माफी मागायला आणा, न्हायतर खोली सोडा. सरांनी लगीच खिशातनं किल्ली काढून टेबलावर ठिवली. तुझ्या नारळाशेजारी."

सर स्क्रीनकडं बघतच म्हणाले, "पहिली चूक माझी होती. तुला काय चालतं, ते मी तुला विचारलंच नव्हतं."

मला रडू फुटलं. साधं नाही, हुंदके देऊन. आणि त्या खोलीतल्या एकानंही माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही की 'उगी, उगी' म्हटलं नाही. सगळ्यांनी तोंडं स्क्रीनकडं वळवली आणि माझं रडून होईपर्यंत आपापलं काम चालू ठेवलं.