डुकराचा ताप आणि पातळ रस्सा

पांडूबाबा सुनेला घेऊन आले नव्हते. सुनेचा ताप तेवढा सांगायला आले होते.

धसईच्या बाजारात माझा दवाखाना आहे. मी होमिओपॅथीची डॉक्टर. गावात मला 'साबुदाणावाल्या बाई' म्हणतात, आणि त्यात अपमान नसतो हे समजायला मला बरीच वर्षं लागली. आमच्या पद्धतीत पेशंटला खूप प्रश्न विचारावे लागतात. नुसता ताप आहे एवढ्यावर आमचं भागत नाही. तहान कशी, झोप कशी, थंडी वाजते की उकडतं, गोड खावंसं वाटतं की खारट, सगळं विचारायचं. एकाच तापाच्या चार पेशंटना चार वेगळी औषधं निघू शकतात. म्हणून पेशंट समोर लागतो. इथे मात्र बाकावर सासरे एकटेच, मांडीवर टोपी ठेवून.

सुनेला, सविताला, का नाही आणलं, विचारलं. म्हणाले, गाडी नाय. ते ज्या जीपमधून आले होते ती माझ्या दारातच उभी होती.

तहान आहे? हाय. खोकला? हाय. धाप लागते? यावर बाबा टोपीकडे बघायला लागले. "बोलताना मधीच थांबते," म्हणाले, "पण तशी ती बोलतेच कमी." खाण्यात काय आवडतं, विचारलं. "मटण," म्हणाले आणि एकदम जीभ चावली. मटण आवडणं हा गुन्हा नाही, असं मी हसून म्हणाले. ते हसले नाहीत.

सविताला सातवा महिना होता. त्या पावसाळ्यात आमच्याकडे फ्लूची साथ होती आणि त्यात काही पेशंट स्वाइन फ्लूचे निघत होते. हा फ्लूचाच एक प्रकार. त्याचा विषाणू मुळात डुकरांमधल्या विषाणूंपासून आला म्हणून ते नाव पडलं. आता तो माणसाकडूनच माणसाला होतो, खोकल्या-शिंकांमधून. बहुतेक लोक विश्रांती घेऊन आठवडाभरात बरे होतात. पण म्हातारी माणसं, लहान मुलं, डायबेटिस-दम्याचे पेशंट आणि गरोदर बायका यांना तो जड जातो. गरोदर बाईला ताप आणि वर धाप म्हणजे माझ्या बाटल्या कपाटात ठेवायच्या आणि पेशंटला मोठ्या दवाखान्यात पोचवायचं. हा माझा नियम आहे. मी दवाखान्याला कुलूप लावलं आणि त्याच जीपमध्ये बसले.

घरी सविता भिंतीला टेकून बसली होती. आडवं झालं की जीव घाबरतो, एवढं सांगायला तिला तीनदा थांबावं लागलं. मी बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. आकडा बघितला आणि मला भीती वाटली. एका जिवाची नाही, दोन जिवांची गोष्ट होती.

तिचा नवरा कंपनीत ड्युटीवर होता. घरात होती सासू, जनाबाई. हिला आत्ताच्या आत्ता मुरबाडला सरकारी दवाखान्यात न्यायचं, असं मी सांगितलं. जनाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"नाय," म्हणाल्या. "तिथं घशात काडी घालतात."

"घालू द्या. तपासणी असते ती."

"मंग सगळं निघंल."

मला वाटलं, कफाबद्दल बोलताहेत. "निघालं तर चांगलंच आहे."

"आन् मंग आत टाकतील."

"आतच ठेवतील, बाहेर कशाला ठेवतील? तिला ऑक्सिजन लागणार आहे."

"तिला एकटीला?"

"मग काय अख्ख्या घराला?"

"खाल्लंय तर सगळ्यांनी," मागून पांडूबाबा हळूच म्हणाले.

आता मात्र मी खाली बसले. पेशंट धापा टाकते आहे आणि मी कोड्यात बोलते आहे, हे मला परवडणारं नव्हतं. काय खाल्लंय ते स्पष्ट सांगा, म्हटलं. मग पांडूबाबांनी रानडुक्कर हा शब्द उच्चारला, तोही भिंतीकडे बघून. शेतात घुसलं होतं. कसं मेलं, विचारलं तर म्हणाले, आपोआप पडलं. मी पुढे विचारलं नाही.

आता सगळं माझ्या डोक्यात नीट बसलं. रानडुक्कर मारलं की वनखातं पकडतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. स्वाइन म्हणजे डुक्कर, हे शहापूरच्या जावयाने सांगितलेलं. काडीवर जे येतं ते लॅबमध्ये जातं, तिथे डुक्कर आहे का ते बघतात आणि रिपोर्ट सरकारला कळवतात, हेही त्यानेच सांगितलेलं. तो लॅबमध्येच नोकरीला होता.

"लॅबमध्ये काय करतो?" मी विचारलं.

"गाडी चालवतो."

वाईट एवढंच की जावयाचं प्रत्येक वाक्य तसं खरं होतं. फक्त रिपोर्टातलं डुक्कर वेगळं आणि पातेल्यातलं वेगळं. मी समजावायला लागले. काडीवर मटण सापडत नाही, विषाणू सापडतो, तो डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. वनखात्याचा आणि दवाखान्याचा काही संबंध नाही. मटण खाऊन हा ताप येत नाही, येणारही नाही. जनाबाई ऐकत होत्या, पण दारातून हलत नव्हत्या. शेवटी मी चिडले. साथ आलेली असताना हे शिकारीचं खूळ कुणी काढलं, असं जरा वरच्या पट्टीत विचारलं.

"तुमीच," जनाबाई म्हणाल्या.

त्या पावसाळ्याच्या सुरुवातीला ग्रामपंचायतीने मला बोलावलं होतं. स्वाइन फ्लू म्हणजे काय आणि होमिओपॅथी त्याकडे कशी बघते, यावर मी भाषण केलं होतं. हात धुवा, खोकताना तोंड झाका, हेही सांगितलं होतं. पण लोकांच्या लक्षात राहिला तो कांदा. आमच्या पद्धतीचं तत्त्व सांगताना मी नेहमी कांद्याचं उदाहरण देते. कांदा चिरताना नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं, म्हणून तशाच वाहत्या सर्दीवर आम्ही कांद्यापासून केलेलं औषध देतो. ज्याने त्रास होतो, तेच अगदी थोडं, पातळ करून द्यायचं. आणि जितकं पातळ, तितकी ताकद जास्त असं आम्ही मानतो. हे वाक्य मी त्या दिवशी हात वर करून म्हणाले होते. टाळ्याही पडल्या होत्या.

"डुकराचा ताप, म्हनून डुकराचंच दिलं," जनाबाईंनी सरळ हिशोब सांगितला. "ताप यायच्या आधी. सगळ्या वाडीला दिलं. एकेक वाटी."

"वाटी म्हणजे अगदी थोडं?"

"रस्सा पातळ केलेला ना, बाई. तुमी सांगितलंत तसा. पान्यावानी."

मला हसू येत होतं, रडू येत होतं आणि सविताच्या श्वासाचा आवाज कानात जात होता. माझ्याच भाषणाने माझी वाट अडवली होती. तेवढ्यात सविताच बोलली.

"मी..." ती थांबली, श्वास घेतला. "मी खाल्लंच नाय. मला वास सोसत नव्हता. मागच्या दारी ओतला."

जनाबाईंच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली आणि लगेच राग. सुनेचा जीव वर-खाली होतोय हे त्यांना दिसत होतं, पण आपला रस्सा ओतला गेला हेही विसरता येत नव्हतं.

"ओतलास गो?"

"तिच्या घशात डुक्कर नाही," मी घाईने म्हणाले. "हवी तेवढी काडी घालू देत. चला."

जनाबाई दारातून बाजूला झाल्या. एवढंच नाही, तर सुनेला हाताला धरून त्यांनीच जीपमध्ये बसवलं, अंगावर स्वतःची शाल टाकली आणि मुरबाडपर्यंत तिची पाठ चोळत राहिल्या. मी वाटेतूनच दवाखान्यात फोन केला. तिथले डॉक्टर तयार होते. ऑक्सिजन लावला, स्वाइन फ्लूची गोळी रिपोर्टची वाट न बघता सुरू केली. ती लवकर सुरू झाली तर जास्त उपयोग होतो. नाकात आणि घशात काडी घातली तेव्हा जनाबाई वॉर्डाच्या दारात उभ्या राहून खाकी कपड्यातलं कुणी येतंय का ते बघत होत्या. एक वॉचमन आला. त्यांनी त्याला नमस्कार केला.

नंतर सविताला पुढच्या मोठ्या दवाखान्यात हलवावं लागलं. ते दिवस वाईट गेले. रोज संध्याकाळी मी तिच्या नवऱ्याला फोन करायचे आणि तो उचलेपर्यंत मला धीर निघायचा नाही. सविताच्या आधी काही दिवस खोकला झाला होता तो त्यालाच. कंपनीत अर्धी शिफ्ट खोकत होती. डुक्कर आलं ते तिथून.

सविता बरी झाली. पुढे वेळेवर बाळंतीण झाली, मुलगी झाली. पांडूबाबा पेढे आणि काकड्या घेऊन दवाखान्यात आले. या वेळी बाकावर ऐसपैस बसले.

"बाई, रिपोर्टात काय निघालेलं?"

"स्वाइन फ्लूच निघाला."

"म्हंजे बगा," ते समाधानाने म्हणाले. "वाडीत सगळ्यांनी रस्सा खाल्ला, कुनाला काय नाय झालं. हिनं एकटीनं ओतला, हिलाच झाला. तुमचं औषद लई जोरदार."

मी तोंड उघडलं. सविता नवऱ्याजवळ झोपत होती, तिला सातवा महिना होता, वाडीतल्या बाकीच्यांना साथ गाठलीच नसेल, असं सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावून ऐकून घेतलं. जाताना विचारलं, पुढच्या पावसाळ्याच्या आधी परत भाषण आहे का?

भाषण मी अजूनही करते. त्यात हात धुणं आहे, मास्क आहे, फ्लूची लस आहे. धाप लागली तर माझ्याकडे न येता थेट मुरबाडला जा, हे आहे. कांदा काढून टाकला आहे. साथीत वाटलेल्या आमच्या गोळ्यांबद्दल मी पूर्वी छातीठोकपणे सांगायचे, "ज्यांनी ज्यांनी घेतल्या, त्यातल्या कुणालाही काही झालं नाही." आता ते वाक्य ओठांवर आलं की मला पाण्यासारखा पातळ रस्सा आठवतो, आणि मी गप्प बसते.