उणे एक किलो

एमएस्सीच्या प्रबंधासाठी मी देवळाली प्रवराच्या आसपासची चाळीस घरं पालथी घालून गाईंचा रोजचा पेंडीचा खुराक आणि दूध मोजून आणलं. संगणकाने त्यावरून सांगितलं की शून्य खुराक खाणारी गाय उणे दीड लिटर दूध देते. म्हणजे पहाटे उठून घरचंच दूध तिच्यात ओतायचं.

"शून्य खुराकाची गाय बघितलीय कधी?" मार्गदर्शक सर म्हणाले. "सरासरी वजा करा."

प्रत्येक घरच्या खुराकातून सगळ्यांची सरासरी वजा केली की शून्य म्हणजे उपाशी गाय राहत नाही, सर्वसाधारण गाय होते. सॉफ्टवेअरमध्ये दोन क्लिकचं काम. आलेखाचा चढ तोच राहतो, फक्त शून्याची जागा सरकते. मला तर पीएचडी झाल्यासारखंच वाटलं.

त्याच भरात मी अतिशहाणपणा केला. आकडे तपासून घ्यायला छापील कागद गावात नेले, नावं काढलेले पण वजाबाकीसकट. ज्या मावशींच्या शब्दाबाहेर अख्खी गल्ली नव्हती, त्यांनी आपल्या चार किलोवर बोट ठेवलं आणि शेजारचा आकडा वाचला.

"उणे एक? मी गाय उपाशी ठिवते व्हय?"

उंबऱ्यापर्यंत आलेला चहा परत आत गेला. "आता ह्या गल्लीत कुनी तुझा फारम भरायचं न्हाई." उन्हाळ्याची दुसरी मोजणी बाकी होती, आणि तिच्याशिवाय माझा प्रबंध म्हणजे रद्दी. माझी चांगलीच टरकली. मी घाईघाईने समजावलं की यादीत दहा-अकरा मोठे गोठेवाले आहेत, ते गाईंना जावयासारखं खाऊ घालतात, त्यांच्यामुळे सरासरी पाच किलोवर जाते.

"खायचं त्यांच्या गाईंनी, आन् उणी मी?"

बाई बरोबर होती. मी मोठे गोठे वेगळे काढले आणि लहान घरांतून लहान घरांचीच सरासरी वजा केली. ती साडेतीन आली, मावशी अधिक अर्धा झाल्या. सर म्हणाले, "चालेल. पण कुणाला खूश करायला आकडे हलवत नाही ना तुम्ही?" मी आढ्याकडे बघितलं.

नवा कागद मावशींनी शांतपणे वाचला. "मग माझं उणं गेलं कुठं?"

मी सांगितलं की सगळी अधिक-उणे मिळून शून्यच व्हावी लागतात. मला हे कळायला दोन तास बसावं लागलं होतं, त्यांना उभ्याउभ्या कळलं.

"म्हंजी कुनीतरी उणं असनारच." कागद घरांच्या ओळीने होता. त्यांचं बोट खालच्या ओळीवर गेलं: दोन किलो, उणे दीड. शेजारचं घर त्यांच्या धाकट्या जावेचं. नवरा पुण्यात गाडीवर, ही एकटी, आणि दोघी जावांचं वर्षभर बोलणं बंद. "तिला दावलास?"

"नाही."

"दावू नगं." चहा मात्र मिळाला.

उन्हाळ्यात गल्लीतल्या सगळ्या घरांनी फॉर्म भरले. धाकट्या जावेच्या गाईचा खुराक तीन किलो भरला. मी विचारलं तर ती घमेल्याकडे बघत म्हणाली, "जाऊबाई सकाळच्याला पेंड ठिवून जात्यात. बोलत न्हाईत, पर ठिवत्यात." शेजारी मावशींच्या गाईचाही तीनच किलो भरला. बाकीची लहान घरं होती तिथंच होती, सरासरी साडेतीनच. दोघीही उणे अर्धा.

सरांनी त्या दोन सारख्या ओळी बघितल्या आणि त्यांचा पारा चढला. "एक घर मोजायचं राहिलं म्हणून वरची ओळ खाली उतरवलीत? काढा दोन्ही, नाहीतर मी सही करणार नाही."

त्या सहीसाठी मी दोन वर्षं सरांच्या प्रत्येक विनोदाला हसले होते.

"नका करू," मी म्हणाले. "त्या ओळी राहतील."