आबांची किटली

जीपवाले आबा कपड्यांच्या आत, जांघेवर रबराचा पट्टा बांधत. चाकातली फुटकी ट्यूब कापून आणि तिला जुन्या दप्तराचं बकल लावून तो त्यांनी स्वतःच केला होता. आबांना अंतर्गळ होता. उजव्या जांघेत आतडं उतरून लिंबाएवढा फुगा यायचा. मग आबा गाडी बाजूला घेत, सीटवर उताणे पडून तो हातानं आत ढकलत, पट्टा आवळत आणि पुन्हा स्टिअरिंग धरत. मागची माणसं तोवर तंबाखू मळत बसत. कुणाला त्याचं नवल नव्हतं. मला मात्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घाम फुटला. मी नर्स. हे आतडं एखाद्या दिवशी तिथंच अडकतं आणि मग माणूस हाती लागत नाही, हे मला ठाऊक होतं.

नव्वदच्या दशकात माझी बदली मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाच्या पलीकडच्या एका पाड्यावर, उपकेंद्रात झाली. तिथवर येणारी गाडी एकच, आबांची. चारही चाकं ओढणारी जुनी डिझेल जीप. ओढ्याच्या पाण्यातून, चिखलातून ती यायची आणि अडलेली बाई असो की साप चावलेला गडी, त्याला घेऊन मुरबाडला जायची. धूर इतका सोडायची की ती वळणावर असतानाच पाड्याला कळायचं.

"आबा, छोटंसं ऑपरेशन आहे," मी म्हणायची. "चार दिवसांत घरी याल."

"जत्रा झाली की येतो बाई," आबा म्हणायचे. म्हशाच्या जत्रेत त्यांच्या गाडीला उसंत नसे. जत्रा झाली की लग्नसराई, लग्नं उरकली की पावसाळा, आणि पावसाळ्यात दुसरी गाडी येत नाही म्हणून परत जत्रा. पालथ्या घड्यावर पाणी ओतून ओतून माझा हात दुखला.

खरं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांच्या बायकोच्या पोटात गाठ होती. आबांनीच तिला ह्याच जीपमधून दवाखान्यात नेलं. पोट उघडलं आणि ती परत आली नाही. "चालत आत गेली वो," आबा म्हणाले. "उघडायचं नाय बाई. आतल्याला भायेरचा वारा लागला की संपतं." बोलले तरीही. मी गप्प बसणाऱ्यातली नाही.

हाच न्याय त्यांनी गाडीलाही लावला. एकदा मी लसींचा डबा घेऊन शेजारी बसले होते, गाडी चढावर उभी होती, आणि इंजिन आपोआप भडकलं. बंद करायची कळ ओढली तरी थांबेना, उलट किंचाळत सुटलं. धुरानं रस्ता दिसेना. मी डब्यासकट खाली उडी मारली. आबांनी पायाखालचं ओलं गोणपाट उचललं, बॉनेट उघडलं आणि हवा ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडात ते कोंबलं. दोन गचके देऊन इंजिन मेलं. मुरबाडच्या मिस्त्रीनं निदान केलं: पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, आतली वाफ तेल घेऊन वर येते, ते हवेच्या पाइपात शिरतं आणि इंजिन स्वतःचंच तेल पिऊन उधळतं. इंजिन खोलावं लागेल.

"खोलायचं नाय," आबा म्हणाले. "तेल वर येतंय ना? ते मधेच पकडायचं कसं, तेवढं बोला."

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला, पण उपाय सांगितला. वाफेचा पाइप आणि हवेचा पाइप यांच्या मधे एक डबा बसवायचा. वाफ डब्यात शिरेल, तेल तळाशी राहील, कोरडी हवा दुसऱ्या नळीनं पुढे जाईल. आबांनी घरातली दुधाची स्टीलची किटली आणली. पण दुसरी नळी कशाला, तिच्यातून तेल निसटेल, म्हणून ती ठेवलीच नाही. वर झाकणाला रबर लावून तारेनं घट्ट आवळलं. पहिल्याच चढावर तेल मोजायची पट्टी बाणासारखी उडाली आणि आबांचा शर्ट, बॉनेट, शेजारची करवंदीची जाळी, सगळं काळं झालं. "अरे, वाफेला बाहेर पडायला वाट नको का!" परत मुरबाडला गेल्यावर मिस्त्री ओरडला. तेव्हा कुठे दुसरी नळी बसली.

किटलीत तेल धरायला आत काहीतरी जाळीदार हवं होतं. आबा थेट माझ्या मोरीत शिरले आणि माझी तारेची घासणी, अगदी नवी कोरी, उचलून नेली. मी मागे धावले.

"परत देतो ना," आबा म्हणाले. "जत्रा झाली की."

तेव्हापासून गाडी ठीक चालली. आबा रोज सकाळी किटली उतरवून आत बघत. साठलेलं काळं तेल पाड्यात वाटत. लोक ते वाळवी लागू नये म्हणून घराच्या खांबांना फासत. माझ्या उपकेंद्राच्या चौकटीलाही लागलं. खांब जसे जास्त काळे होत गेले तसं मला समजत गेलं, की गाडीचं दुखणं वाढतंय. आबांचा पट्टाही वाढत होता. आता त्यांनी दुहेरी ट्यूब लावली होती.

दोन हजार साल उलटून गेल्यावर एका जत्रेनंतर गाडीनं चढ घेणंच सोडलं. किटली एका फेरीत भरू लागली. त्याच आठवड्यात आबांचा फुगा आत जाईना. मी तासभर खटपट केली तेव्हा कसाबसा गेला. आबा पांढरेफटक पडले होते. मी त्यांना वाट्टेल तसं बोलले, रडले, हात जोडले.

"बरं," आबा म्हणाले. "आधी तिला खोला. ती परत आली तं मी येतो."

"आबा, ती लोखंडाची आहे हो!"

"मंग तिला तं यायलाच पायजे."

त्यांचा मुलगा मधू ट्रॅक्टरला बांधून जीप मुरबाडला घेऊन गेला. इंजिन खोललं. कल्याणहून आलेला एक भाग मापात बसेना, तो परत गेला, दुसरा येईना. मुरबाडहून येणाऱ्या प्रत्येकाला आबा विचारत, "शुद्धीवर आली का?" लोक हसत. मला हसू येत नव्हतं. पाड्यावरची एकुलती एक गाडी पोट उघडं टाकून मुरबाडला पडली होती, आणि तिच्या वाटेवर डोळे लावून आबा खाटेवर.

आणि एका सकाळी आतडं अडकलंच. फुगा दगडासारखा घट्ट, उलट्या थांबेनात. मी एकाला सायकलवर म्हशाला फोन करायला पिटाळलं. निरोप आला की दवाखान्याची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन ठाण्याला गेली आहे. मग चौघांनी आबांना झोळीत घातलं आणि आम्ही रस्त्याकडे निघालो. मी सारखी म्हणत होते, चला रे, पाय उचला रे. आबांचं अंग गार पडत चाललं होतं. इतकी हतबल मी नोकरीत कधीच झाले नव्हते.

अर्ध्या वाटेत समोरून जीप आली. धूर नव्हता, म्हणून कुणाला आधी कळलीच नाही. मधू दुरुस्त झालेल्या इंजिनाच्या आनंदात येत होता, आणि त्यानं झोळी पाहिली.

आम्ही आबांना मागच्या सीटवर निजवलं. गाडी चढावर लागली, आवाज एकसारखा. आबांनी डोळे उघडले.

"बाई, मागं धूर बघा. हाय का?"

"नाही आबा. अजिबात नाही."

"आली गो परत," ते म्हणाले. मग मधूला म्हणाले, "किटलीचं काम संपलं आता. बाईंची घासणी देऊन टाक." आणि मुरबाडच्या दवाखान्यात, मी काही म्हणायच्या आधीच, त्यांनी संमतीच्या कागदासाठी अंगठा पुढे केला. "खोला."

खोललं. आतडं काळं पडलेलं होतं. संध्याकाळी आबा गेले.

"बघा, उघडला नि गेला," पाड्यात लोक म्हणाले. उघडायला उशीर झाला म्हणून गेले, हे मी दारोदार सांगत फिरले. ऐकून घेत सगळे, मान कुणी हलवली नाही.

दिवसकार्य उरकल्यावर मधू उपकेंद्रावर आला. त्यानं किटली उघडून घासणी माझ्या हातात दिली. मी ती उलटसुलट करून पाहिली, नाकाशी नेली. इंजिन खोललं तेव्हा मिस्त्रीनं ती धुऊन परत बसवली होती; त्यानंतर तिच्यावर तेलाचा एक थेंब आला नव्हता. खडखडीत कोरडी. त्या काळ्या चौकटीला टेकून, पायरीवर बसून, मी आबांना मोठमोठ्यानं शिव्या दिल्या. मधू किटली खाली ठेवून शेजारी बसला. थोड्या वेळानं तोही देऊ लागला.