मावशींचे चार प्रश्न

केसपेपरचे गठ्ठे बांधून आम्ही माळ्यावर टाकतो. पण केसपेपर काढताना जे घडतं, ते कुठे टाकायचं? ते साठत राहतं, आणि चार माणसं जमली की माझ्या तोंडून सुटतं. ऐका!

मी मिरजोळ्याच्या पुढे एका सरकारी दवाखान्यात नर्स आहे. आमच्याकडे मोठ्या माणसाचा केसपेपर निघाला की दारूबद्दल चार प्रश्न विचारायचेच. कमी करावी असं वाटतं का? कुणी टोकलं की राग येतो का? नंतर स्वतःचीच लाज वाटते का? सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागते का? दोन 'हो' आले, की पेशंटला माझ्या टेबलाशेजारच्या खुर्चीत बसवायचं आणि मी त्याच्याशी निवांत बोलायचं.

पहिल्या महिन्यात मीच विचारायचे, "दारू पिता का?" सगळे म्हणायचे, "छे!" माझ्या रजिस्टरप्रमाणे अख्खी पंचक्रोशी निर्व्यसनी! शेवटी आमच्या अटेंडंट प्रमिलामावशींनी रजिस्टर ओढून घेतलं. समोरच्या रिक्षावाल्याला म्हणाल्या, "काय रे, रोजचा खंबा काय, अख्खी बाटली?"

"काय बोलता मावशी! क्वार्टर फक्त!"

त्या दिवसापासून प्रश्न मावशींचे.

पण मावशींचं दुखणं आम्हाला ठाऊक होतं. त्यांचे यजमान मासेमारीच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. बोटीवरून उतरले की थेट गुत्ता. दवाखान्याची पायरी कधी चढले नाहीत. डबा खाताना मावशी एकदा म्हणाल्या, "सगल्या गावाला इचारते सिस्टर, घरात इचारायला जीभ रेटत नाय." मला फार वाईट वाटलं.

*

एक रिटायर्ड गुरुजी. म्हणाले, "कागद द्या, मी लिहितो." चष्मा लावून, सुवाच्य अक्षरात चारही 'हो' लिहिले आणि कागद ऐटीत पुढे केला. "चारपैकी चार!"

"गुरुजी, हितं शून्यवाला पास," मावशी म्हणाल्या.

गुरुजींचा चेहरा पडला. पण माणूस जिद्दीचा! दर महिन्याला खुर्चीत येऊन बसले. गणपतीच्या आधी आले ते दारातूनच ओरडत, "मावशी, भोपळा आणलाय!" अख्ख्या ओपीडीने टाळ्या वाजवल्या.

*

एकजण बायकोबरोबर आला. "कुणी टोकलं की राग येतो का?"

"मला? अजिबात नाही!"

बायको मागून म्हणाली, "मग परवा ताट कोणी भिरकावलंनीत?"

"तू गप बस गो!" तो असा खेकसला, की बाकावरचं पोर रडायला लागलं.

मावशींनी 'हो'वर टिक केली.

*

वरून तपासणीला एक साहेब आले. जाता जाता म्हणाले, "माझंही बीपी बघा." मावशींनी केसपेपर काढला आणि लागल्या विचारायला.

"अहो, मी साहेब आहे!"

"केसपेपर निघाला साहेब. आता सगल्यांचा नियम."

दुसऱ्या प्रश्नानंतर साहेब पुढे वाकले. "तिसरा जरा हळू विचारा." शेरा मात्र झकास लिहून गेले!

*

आणि परवाची गोष्ट. ओपीडी भरलेली. दोरात सापडून हात फाटलेले मावशींचे तांडेल स्वतः रांगेत उभे! हाताला टॉवेल गुंडाळलेला. मी धावत जाऊन पट्टी बांधली आणि मावशींना हळूच म्हटलं, "यांना मी विचारते."

"नको सिस्टर. माजी रांग हाय."

मावशींनी पेन उचललं. "नाव?"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मावशींनी मान वर केली तसं गप्प झालं.

तांडेलांनी नाव सांगितलं. वय सांगितलं. पहिला प्रश्न, हो. दुसरा, हो. तिसऱ्याला आवाज उतरला. हो. मावशींचा आवाज तोच, रोजचा.

"सकाली उठल्या उठल्या घ्यावी लागते?"

"तुला म्हायती हाय ना."

"मला म्हायती असून चालत नाय. तुमी सांगायचं."

तांडेलांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "व्हय. लिव."

मावशींनी लिहिलं. उठल्या, माझ्या टेबलाशेजारची खुर्ची पदराने पुसली आणि म्हणाल्या, "बसा."

मग आपल्या जागेवर येऊन पेन उचललं.

"चला, पुढं कोण?"