सात आणि आठ

प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या खोलीत काकूंची एकोणीस वर्षं गेली होती. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाणी भरायचं. माझ्यापेक्षा उंदरांचीच बडदास्त जास्त, असं नवरा घरी कुरकुरायचा.

त्या आठवड्यात न्यूमोनियावरच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती. सगळ्याच उंदरांच्या नाकात जंतू सोडलेले. हिरव्या कार्डाच्या पिंजऱ्यांना दोन वेळा औषध, पांढऱ्या कार्डाच्यांना नुसतं मिठाचं पाणी.

दुपारी पाणी भरताना काकू थबकल्या. आठव्या पिंजऱ्यातले उंदीर पाठीला पोक काढून बसले होते, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. कालही ते असेच होते, पण काल त्यांच्यावर पांढरं कार्ड होतं. आज हिरवं. हिरवं कार्ड असायला हवं होतं ते सातव्यावर. सकाळी भुसा बदलल्यावर कार्डं लावताना शिपायाने दारातून हाक मारली होती. तेव्हाच घोळ झाला असणार, आणि सकाळचं औषध त्यानंतर दिलं गेलं होतं.

पलीकडे डॉक्टरबाई दुसऱ्या वेळचं औषध सिरिंजमध्ये भरत होत्या. याहून लहान चुकीसाठी त्यांनी एकाला खोलीतून कायमचं काढलं होतं. गुपचूप कार्डं बदलली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. फक्त वहीतले आकडे खोटे ठरले असते. काकूंचा हात कार्डापर्यंत गेलासुद्धा. मग त्यांनी तो मागे घेतला.

"बाई, थांबा. सात आणि आठची कार्डं माझ्या हातून बदललीत. सकाळचं औषध भलत्यांनाच गेलंय."

बाईंनी सिरिंज खाली ठेवली. "खात्री आहे?"

"कानावरच्या खुणा वहीशी ताडून बघा."

एकेक उंदीर हातात घेऊन दोघींनी दोन्ही पिंजऱ्यांतले दहाही तपासले. खुणा काकूंच्या बाजूने बोलल्या, म्हणजे त्यांच्याच विरुद्ध. बाईंनी दोन्ही पिंजरे गणतीतून बाद केले, सगळं लिहून काढलं आणि खाली काकूंची सही घेतली.

"त्यांचं औषध आता बंद?" काकूंनी भीतभीत विचारलं.

दोन्ही पिंजऱ्यांना बाईंनी स्वतः औषध दिलं. आठव्यातल्या दोघांचा श्वास फारच लागला होता. त्यांना मात्र शांतपणे कायमचं झोपवलं. एरवी अशा वेळी काकू बाहेर जात. त्या दिवशी पिंजरा धरून उभ्या राहिल्या.

"उद्या सकाळी आठ वाजताच या," जाताना बाई म्हणाल्या. "कार्डं दोघी मिळून लावू."