दहापैकी दहा

आमचा दादा जुन्या मोटरसायकलींचं वायरिंग करतो. त्याच शेडमध्ये पलीकडच्या भिंतीला माझं शिलाई मशीन आहे. मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतो. सव्वीस वर्षं आम्ही दोघं एका पत्र्याखाली आहोत. गिऱ्हाइकं त्याला कानसेन म्हणायची. मला कुणी काहीच म्हणत नसे, आणि ते बरंच होतं.

कानसेन म्हणायचं कारण रिले. काडेपेटीहून लहान अशी काळी डबी असते. बटण दाबलं की आत चुंबक तयार होतं, इवलीशी पट्टी ओढली जाते, टक असा आवाज होतो आणि करंट पुढे जातो. जुन्या गाडीत हीच डबी दगा देते. धड मरत नाही आणि धड चालतही नाही. दुकानात शहाण्यासारखी वागते आणि नेमकी चढावर गाडी बंद पाडते. दादाची रीत ठरलेली होती. रिले काढायचा, बाकावर बॅटरीच्या वायरी त्याला टेकवायच्या, उचलायच्या, असं दहा वेळा. दहा टक आले तर रिले परत गाडीत. नऊ आले तर भंगारात, आणि डब्यात जपून ठेवलेल्यांतला दुसरा बसवायचा. आतला काँटॅक्ट जळालाय की चिकटतोय हेसुद्धा तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. शेजारचा मेकॅनिक बल्ब लावून तपासतो म्हणून त्याची चेष्टा करायचा. “बल्ब काय, कुणालाही दिसतो,” म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याचे कान जायला लागले. मान्य करेल तर शपथ. गिऱ्हाइकानं हळू बोललेलं कळलं नाही की “तोंडातल्या तोंडात काय बोलता?” म्हणून त्यालाच झापायचा. वहिनी एकदा म्हणाली, “भाऊजी, मागून हाक मारली तर ओ देत नाहीत हो. तुम्ही तरी बोला त्यांच्याशी.” मी हो म्हणालो आणि मूग गिळून बसलो. दादापुढे माझं तोंड कधी उघडलंय? वडील गेल्यावर त्यानंच मला मशीन घेऊन दिलं होतं. मी भित्रा आहे आणि त्या भित्रेपणालाच आजवर आदर म्हणत आलो.

मग एक दिवस सिस्टर आल्या. घरोघर जाऊन बाळंतिणींना तपासणाऱ्या नर्स, स्वतःच्या वडिलांची जुनी गाडी चालवायच्या.

“मिस्त्री, चालता चालता मरते. पाच मिनिटं उभी केली की परत चालू. परवा एका बाईकडे पोचायला उशीर झाला, थोडक्यात निभावलं.”

दादानं इंजिनाचा रिले काढला, त्याच्या पिना घासल्या, सॉकेट साफ केलं आणि रिले बाकावर धरला. वायरी टेकवल्या. टक. “एक,” तो म्हणाला. “दोन.” मी अर्धवट शिवलेलं कव्हर मांडीवर घेऊन ऐकत होतो. चौथ्याला काहीच वाजलं नाही. “चार,” दादा त्याच सुरात म्हणाला. सातव्यालाही वाजलं नाही. “सात.” दहा झाले तसं त्यानं माझ्याकडे बघितलं. असं त्यानं आधी कधीच केलं नव्हतं.

“दहा ना रे?”

सिस्टर हेल्मेट हातात घेऊन तिथेच उभ्या होत्या. आठ म्हटलं असतं, तर त्यांच्यादेखत त्याला बहिरा म्हटल्यासारखं झालं असतं. डब्यात सात-आठ चांगले रिले पडलेले होते, बदलायला दोन मिनिटं लागली नसती. हे मला तेव्हाही कळत होतं.

“दहा,” मी म्हणालो.

दादाचा जीव भांड्यात पडला. त्यानं तोच रिले परत बसवला आणि सिस्टर गेल्या.

सहाव्या दिवशी गाडी टेम्पोतून परत आली. हँडल वाकलेलं, टाकीला पोचा. वळणावरच्या चढाला गाडी बंद पडली, मागे ट्रक होता, सिस्टर बाजूच्या चरात फेकल्या गेल्या, असं टेम्पोवाल्यानं सांगितलं. मांडीचं हाड दोन जागी मोडलं होतं.

“जिवावरचं पायावर निभावलं म्हणायचं,” तो म्हणाला. “पण पुन्हा गाडी चालवतील का, ते डॉक्टरही सांगत नाहीत.”

दादानं रिले काढला, चाकूनं झाकण उचकटलं आणि भिंग लावून बराच वेळ बघत बसला. मग मला बोलावलं. आतल्या तारेचा टाका पिनेपाशी तडकला होता आणि भेगेत हिरवट बुरा साचला होता.

“हे सहा दिवसांत होत नाही,” तो म्हणाला. “त्या दिवशीही होतं. किती वाजले होते?”

मी आठ बोटं दाखवली.

चिडला असता, एक ठेवून दिली असती, तर मला बरं वाटलं असतं. त्यानं भिंग पुसून खिशात ठेवलं.

“मला ऐकू येत नाही, हे काय मला माहीत नाही? म्हणून तर तुला विचारलं.”

दुसऱ्या दिवशी तो एकटाच दवाखान्यात जाऊन आला. चूक आपली, आपले कान गेलेत, असं त्यानं सिस्टरना सांगितलं. माझं नाव काढलं नाही. हे मला वहिनीकडून कळलं.

आता बाकावर बल्ब आहे. दादा वायरी टेकवतो, बल्ब लागला की मोजतो. मी समोरच बसलेला असतो आणि मला प्रत्येक टक स्वच्छ ऐकू येतो. परवा एक रिले नवव्याला चुकला. मी मशीन थांबवलं आणि चांगलं मोठ्यानं म्हणालो, “दादा, चुकला.”

त्यानं मान वर केली नाही. बल्बाकडे बघत वायरी पुन्हा टेकवल्या, मग रिले भंगारात टाकला. ऐकू आलं नसेल, असं मी रोज स्वतःला सांगतो.