चौकटीवरचा पासवर्ड

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि नेवाशात बारावी झालेल्या मुलीपुढे दोनच रस्ते होते: डी.एड. करून मास्तरीण व्हायचं, नाहीतर डी.एड.ला नंबर लागला नाही म्हणून रडायचं. माझे वडील तहसील कचेरीत कारकून. त्यांनी माझ्या वतीने पहिला रस्ता पक्का करून टाकला होता. मला मास्तरीण व्हायचं नव्हतं. लहान मुलं मला आवडत नाहीत, तेव्हाही आवडत नव्हती, आणि एकाच प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यांदा द्यायची वेळ आली की माझं डोकं फिरतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण सरकारी नोकरीपुढे बिचाऱ्या मुलांचा विचार कोण करतो!

मला वाचवलं ते माझ्या थोरल्या चुलत्यांनी. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. तात्यांचं शिंगणापूरला तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान होतं, आणि मागे यात्रेकरूंना द्यायच्या चार खोल्या. खोल्यांना चौकटी होत्या, उंबरे होते, पडदे होते. दारं अर्थातच नव्हती. सगळ्या गावात कुठेच दार नाही, कडी नाही, कुलूप नाही. कुत्रं आत येऊ नये म्हणून फार तर एक फळी आडवी लावायची. शनिदेव राखण करतात, तिथे दार लावणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास. हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं होतं, की बाहेरच्यांना त्यात काही खटकेल असं कधी वाटायचं नाही.

पण बाहेरच्यांना खटकायचं. दर शनिवारी पुण्या-मुंबईची मंडळी खोली घ्यायची आणि सामान टाकून लगेच परत यायची.

"अहो, खोलीला दार नाहीये."

"न्हाईच हाय."

"मग आम्ही झोपायचं कसं?"

"डोळं मिटून."

इथून जे भांडण सुरू व्हायचं ते पार मंदिरापर्यंत ऐकू जायचं. शेवटी परदेशात हॉटेल चालवणाऱ्या एका गुजराती भाविकाने तात्यांना सल्ला दिला, की इंटरनेटवर एक पान टाका, त्यावर खोल्यांना दार नाही असं आधीच लिहा, म्हणजे ज्याला दार हवं तो येणारच नाही. तात्यांना हे फार पटलं. इंटरनेट म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं, पण भांडण म्हणजे काय हे चांगलं माहीत होतं.

त्यांनी नेवाशाला येऊन वडिलांना सांगितलं, "पोरीला नगरला कॉम्प्युटर शिकवतो. माझं पान करून दील." थोरल्या भावाला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. वडिलांनी फक्त एक अट घातली. शनिजयंतीपर्यंत पान झालं आणि ते चालतंय असं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तर पुढे शिकायचं. नाहीतर गुपचूप डी.एड. मी लगेच कबूल झाले. त्या वेळी मी विहीर खणायलाही कबूल झाले असते.

नगरचा क्लास माळीवाडा स्टँडपासून जवळ, शिलाई मशीनच्या दुकानाच्या वर होता. तिथले सर प्रत्येक गोष्ट 'फार सोपी आहे' म्हणून शिकवायचे, आणि आपण काही विचारलं की 'उद्या बघू' म्हणायचे. त्यांच्याकडे चार वेगवेगळे कोर्स होते आणि एका फीमध्ये एकच शिकायला मिळायचा. कोणता घ्यायचा यावर आमच्या ओळखीतल्या प्रत्येकाला मत होतं. वडील म्हणाले पेजमेकर घे, सरकारी छपाईला कामी येईल. शेजारच्या प्रेसवाल्याचं म्हणणं होतं, कोरल घे, जगात काहीही बंद पडेल पण लग्नपत्रिका बंद पडणार नाहीत. आई म्हणाली ज्याला कमी वेळ बसावं लागतं ते घे, डोळे जातात. चौथा कोर्स वेबसाईटचा होता, आणि सर त्याला 'कोड न लिहिता' असं मोठ्या कौतुकाने म्हणायचे. इंटरनेटवरच एक फुकट जागा मिळायची, त्यात तयार पान यायचं, आपण फक्त चित्र माउसने ओढायचं आणि हवं तिथे सोडायचं.

सरांनी ते एकदा करून दाखवलं. डाव्या कोपऱ्यातलं सूर्यफूल त्यांनी ओढून मधोमध आणून ठेवलं, आणि ते तिथेच राहिलं. मला काय झालं ते सांगता येत नाही. माझ्या सांगण्यावरून आजवर घरातलं स्टूलसुद्धा कुणी हलवलं नव्हतं. मला हेच शिकायचं होतं, दुसरं काही नको.

पण पैसे तात्यांचे, त्यामुळे निवड त्यांची. ते धोतर सावरत जिना चढून आले आणि सरांसमोर बसले. त्यांना फीचं, काळाचं, नोकरीचं काही पडलं नव्हतं. त्यांचा प्रश्न एकच होता.

"ह्याला कुलूप लागतं का?"

सरांना वाटलं ते क्लासबद्दल विचारतायत. त्यांनी शटर दाखवलं.

शेवटी मीच सरांना समजावून सांगितलं. साखर कारखान्याच्या लिलावात तात्यांनी दुकानासाठी एक जुना कॉम्प्युटर घेतला होता. त्या काळी काही कॉम्प्युटरच्या तोंडावर एक किल्लीचं भोक असायचं. तात्यांच्या नजरेला ते पहिल्याच दिवशी पडलं. कुलूप असलेली वस्तू गावात आली म्हणून ते दिवसभर जेवले नाहीत. मग संध्याकाळी त्यांनी त्याच्या दोन्ही किल्ल्या सुतळीने कॉम्प्युटरलाच बांधून टाकल्या. "किल्ली कुलपालाच बांधली की ते कुलूप ऱ्हात न्हाई," ते म्हणाले, आणि जेवायला बसले.

त्याच न्यायाने त्यांनी कोर्स तपासले. पेजमेकर नुसतं उघडायचं, काही विचारायचं नाही. तात्यांनी मान डोलावली. कोरल आधी एक लांबलचक नंबर विचारायचं, पण तो नंबर सीडीवरच स्केचपेनने लिहिलेला होता. "म्हंजी किल्ली बांधलेलीच हाय," तात्या म्हणाले आणि कोरलही पास झालं. वेबसाईटवाल्या कोर्सने मात्र नाव विचारलं आणि पाठोपाठ पासवर्ड विचारला.

"हे काय?"

"पासवर्ड, काका. तो फक्त तुम्हालाच माहीत असतो. नाहीतर कुणीही येऊन तुमच्या पानावर काहीही बदलेल," सर म्हणाले.

"मंग यीन की. आमच्याकडं कुनीबी येतं."

"अहो, पण चोरी..."

हा शब्द उच्चारायला नको होता. तात्या उभे राहिले. शिंगणापूरच्या माणसासमोर चोरीची भीती घालणं म्हणजे पैलवानाला काठीचा आधार देऊ करणं. ते मला म्हणाले, "पोरी, पत्रिकांचं शीक," आणि जिन्याकडे निघाले. माझ्या डोळ्यांसमोर ते सूर्यफूल आलं. पत्रिकांनी पान होणार नव्हतं, पान झालं नाही की डी.एड., आणि डी.एड.नंतर जन्मभर पहिलीचा वर्ग.

मी जिन्यातच त्यांना गाठलं. "तात्या, पासवर्ड करू. आणि दुकानाच्या चौकटीवर रंगवून टाकू. जो येईल त्याला दिसेल."

तात्या एका पायरीवर थांबले. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ही खरी आपल्या घरातली," ते खाली उभ्या असलेल्या शिलाई मशीनवाल्याला म्हणाले. त्याचा या सगळ्याशी काहीही संबंध नव्हता.

घोडेगावहून पेंटर आला. त्याने चौकटीच्या वरच्या पट्टीवर, 'शुभ लाभ'च्या खाली, 'shanidev' ही अक्षरं लाल रंगात, मागे पिवळी सावली टाकून, ट्रकवर काढतात तशी काढली. मोकळी जागा त्याला बघवत नव्हती म्हणून दोन्ही बाजूंना एकेक कमळ काढलं. पुढे एका नाशिकच्या बाईंनी मला विचारलं, की कमळंही टाईप करायची का. मी एकदाच सांगितलं, नाही. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तात्यांकडे पाठवलं.

पान झालं. वर दुकानाचा फोटो, खाली इंग्रजीत मोठ्या अक्षरांत: खोल्यांना दार नाही, मागू नये. फोटो कुठे ठेवायचा यावर मी एक अख्खा आठवडा घालवला आणि इतकी सुखी मी पूर्वी कधी नव्हते.

मग भाविकांनी पानावर यायला सुरुवात केली. ते चौकटीवरचं वाचायचे, दुकानात पानाचा पत्ता विचारून लिहून घ्यायचे आणि आपापल्या गावच्या सायबर कॅफेतून आत शिरायचे. मी दर सोमवारी नगरला पान उघडलं, की नवीनच काहीतरी दिसायचं. कुणीतरी माझं इंग्रजी दुरुस्त केलं होतं. कुणी स्वतःच्या नव्या गाडीचा फोटो लावला होता, हार घातलेला. कुणी मुलीची पत्रिका टाकली होती, मंगळ नाही हे ठळक करून. 'चहात साखर जास्त होती' असं एकाने खोल्यांच्या माहितीतच घुसडलं होतं. मी लावलेला दुकानाचा फोटो प्रत्येकाने ओढून वेगळ्याच कोपऱ्यात नेला होता. मी संतापायचे आणि पुन्हा सगळं जागेवर आणायचे. तात्यांना सांगितलं तर ते खूश. "बघ, कुनी काय न्हेलं का? उलट ठिवूनच गेले."

चहातली साखर त्यांनी मात्र दुसऱ्या दिवसापासून कमी केली. खोलीवरची भांडणंही कमी झाली होती, निदान इंग्रजी वाचणाऱ्यांची.

शनिजयंतीच्या आदल्या दिवशी वडील क्लासवर आले. शुभ्र सदरा, खिशाला पेन, चेहरा पंचनाम्याला आल्यासारखा. गर्दीचा दिवस असूनही तात्या दुकान काकूंवर टाकून आले होते. सरांनी फोनच्या लाईनवर इंटरनेट जोडलं, ते नेहमीप्रमाणे बराच वेळ किंचाळलं, आणि पान वरून खाली हळूहळू उतरायला लागलं.

गाडी नव्हती. पत्रिका नव्हती. दुकानाचा फोटो नव्हता. पांढऱ्या पानावर चार ओळी होत्या. या पानाचा पासवर्ड सार्वजनिक जागी रंगवलेला आढळला, हे अत्यंत धोकादायक आहे, आपल्या सुरक्षिततेसाठी पान साफ करून पासवर्ड बदलला आहे, नवा पासवर्ड आपल्या मेलवर पाठवला आहे. आपला हितचिंतक.

मी मेल उघडायला गेले. मेललाही तोच पासवर्ड होता, आणि हितचिंतकाने काळजीपोटी तोही बदलला होता. नवी किल्ली आमच्याच घरात ठेवून त्याने बाहेरून कडी लावली होती.

वडिलांनी त्या ओळी दोनदा वाचल्या. "मसुदा चांगला आहे," ते म्हणाले. कारकुनाला दुसऱ्याचा मसुदा आवडला की त्यापुढे काही दिसत नाही. मग त्यांनी पेन खिशात नीट बसवलं. "ठीक आहे. सोमवारी डी.एड.चं बघू."

मी रडले. सरांसमोर, आवाज ऐकून वर आलेल्या शिलाई मशीनवाल्यासमोर, सगळ्यांसमोर रडले. राग कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं. शिव्या घालाव्यात तर माणूस भला.

तात्या पुढे आले. त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसले आणि एका बोटाने, प्रत्येक अक्षर शोधत, चौकटीवरची ती अक्षरं उमटवली. कॉम्प्युटर नाही म्हणाला. त्यांनी पुन्हा उमटवली. पुन्हा नाही. सत्तरीच्या घरातला तो माणूस जन्मात पहिल्यांदा बंद दारासमोर बसला होता, आणि दार त्याच्याच घराचं होतं. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. माझं रडू त्यामुळेच थांबलं.

"चोर असता तर परत आला असता," ते हळूच म्हणाले. "आमच्याकडं चोर न्हेलेलं ठिवायला परत येतो. ह्यो शाना हाय. ह्यो न्हाई यायचा."

मग ते वडिलांकडे वळले. "पोरगी हितंच शिकंल."

"तात्या, पण डी.एड...."

"डी.एड. गावात दर घराला हाय. भाईरनं कुनी कडी लावली तर आतनं काढनारं आपल्यात एक बी न्हाई. तिला शिकू दे."

वडील खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी वाचायला लागले. तिकडेच बघत म्हणाले, "मग तो दुकानाचा फोटो नीट मधोमध लाव. मी मागे पाहिला तेव्हा डावीकडे गेला होता." म्हणजे ते मला न सांगता आधीच कुठेतरी जाऊन पान बघून आले होते.

पुढे मी कोरलही शिकले, पेजमेकरही शिकले, आणि पोट त्यावरच भरलं. पण पहिलं काम तात्यांच्या पानाचंच. नव्या जागी, नव्या नावाने मी ते पुन्हा उभं केलं. मेलचा पासवर्ड वेगळा, माझ्यापाशी. हे मी तात्यांना सांगितलं नाही. पानाचा पासवर्ड मात्र त्यांनी विचारला, आणि मी सांगितला. दुसऱ्या दिवशी घोडेगावचा पेंटर हजर.

शिडी मी धरली होती. जुनी अक्षरं पुसून त्याने नवी काढली, सावली टाकली, कमळं काढली. मग तात्यांनी त्याला खाली आणखी एक ओळ लिहायला सांगितली, मराठीत, सगळ्यांना वाचता येईल अशी.

'आत यावे. कडी लावू नये.'

फोटो लोक ओढतच राहिले, साखरेच्या तक्रारीही येत राहिल्या. कडी मात्र पुन्हा कुणी लावली नाही.